बर्फावरून मागे वळलेला माणूस

१६ मे १५६९ या दिवशी नेदरलँड्समधल्या अस्पेरन गावी सात न्यायाधीशांनी एक निकाल लिहिला आणि त्याखाली आपापली नावं घातली. निकाल छोटाच आहे. आरोपी डर्क विलेम्स, याच गावात जन्मलेला. कोणताही छळ न करता त्याने कबुली दिली होती. पंधरा, अठरा किंवा वीस वर्षांचा असताना रॉटरडॅममध्ये एका घरी त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. पुढे अस्पेरनला आपल्या घरी त्याने गुप्त सभा भरू दिल्या, मना केलेली शिकवण सांगू दिली, काही जणांना तिथेच बाप्तिस्माही घेऊ दिला. हे सारं पवित्र ख्रिस्ती विश्वासाच्या आणि राजाज्ञेच्या विरुद्ध आहे, इतरांना दहशत बसेल अशीच शिक्षा व्हायला हवी, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. शिक्षा ठरली मरेपर्यंत अग्नीची. मालमत्ता जप्त होऊन राजाकडे जमा.

बाप्तिस्मा कुठे झाला, कोणाच्या घरी झाला, तेव्हा वय काय होतं, सगळं त्या कागदात आहे. त्याच आरोपीने काही काळापूर्वी त्याच गावाच्या एका माणसाचा जीव वाचवला होता, आणि तोही स्वतःचा जीव पणाला लावून, याचा मात्र त्यात एक शब्दही नाही. न्यायाधीशांच्या कानावर ते आलं नसेल असं म्हणायला जागा नाही. ती घटना घडली तेव्हा गावाचा नगराध्यक्ष गोठलेल्या पाण्याच्या काठावर उभा होता. पण निकालाच्या दृष्टीने ती गैरलागू ठरली. आरोपीचा विश्वास खरा की खोटा हे ठरवायला बसलेल्या माणसांच्या गावात तो विश्वास एकदा उघड्यावर दिसला होता, आणि त्यांनी तो पुराव्यात घेतला नाही.

गोष्ट अशी. डर्क कैदेत होता. कैद म्हणजे गावातली एक जुनी गढी, आणि तिच्या खिडकीतून चिंध्यांचा दोर करून तो खाली उतरला, असं परंपरेने सांगितलं जातं. थंडीचे दिवस होते, पाणी गोठलं होतं. पण ते बर्फ भरवशाचं नव्हतं. डर्क त्यावरून धावत सुटला. मागे शिपाई लागला होता. ज्या ग्रंथात ही हकीकत आली आहे त्यात त्याचं नाव नाही, त्याचा हुद्दा आहे: चोर पकडणारा. डर्क जेमतेम पलीकडे पोचला. कैदेतल्या अन्नावर दिवस काढलेलं त्याचं अंग हलकं झालं होतं म्हणून बर्फाने त्याला पेललं, असंही सांगतात. मागून येणाऱ्या शिपायाला ते पेललं नाही. बर्फ फुटलं आणि तो पाण्यात गेला.

या क्षणापाशी मला थांबावंसं वाटतं. डर्क सुटला होता. त्याने कोणाला ढकललं नव्हतं, बर्फ त्याने फोडलं नव्हतं. पुढे पळत राहिला असता तरी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या त्याच्या पंथातल्या कोणीही त्याला बोल लावला नसता. उलट, लाल समुद्र मोशेच्या लोकांसाठी दुभंगला आणि फारोच्या सैन्यावर मिटला, तसाच हात देवाने इथेही दाखवला, असं म्हणून त्याच्या मंडळीने उपकारस्तुती केली असती. देव माझ्या बाजूने आहे, हे समजायला याहून सोयीचं चिन्ह कोणतं? शत्रू बुडतो आहे, आपण कोरडे उभे आहोत. विश्वासाला अशा वेळी फार सहज वाटतं की न्याय झाला.

डर्क मागे वळला. त्या हकिकतीत एवढंच आहे की शिपायाचा जीव धोक्यात आहे हे पाहून तो लगेच परत गेला, त्याला बाहेर यायला हात दिला आणि त्याचा जीव वाचवला. प्रार्थना केल्याचं, विचार केल्याचं, काही बोलल्याचं तिथे लिहिलेलं नाही. पण फुटलेल्या बर्फावर माणसाला बाहेर काढणं म्हणजे काय याचा विचार केला की अंगावर काटा येतो. फुटलेल्या कडा आणखी फुटतात. वाचवणाऱ्याला वाकून, वजन पसरून, हळूहळू पुढे सरकावं लागतं. बुडणारा घाबरून हात लागेल ते ओढतो, आणि ज्या बर्फाने एकाला फसवलं ते दुसऱ्यालाही फसवू शकतं. डर्कने ज्याला हात दिला त्याचे हात त्यालाच धरायला निघालेले होते.

शिपाई बाहेर आला. भिजलेला, थरथरणारा. आणि इथे गोष्टीतला दुसरा माणूस जागा होतो. ग्रंथ सांगतो की शिपायाला डर्कला सोडून द्यायचं होतं. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. ज्याला आयुष्यभर माणसं पकडायचीच सवय, त्याला क्षणभर कळलं की या माणसाला आपण धरू शकत नाही. प्रीती अशीही काम करते. तिने न सांगता समोरच्याच्या मनात काहीतरी हललं होतं.

तेवढ्यात काठावरून नगराध्यक्ष कडक आवाजात ओरडला, की घेतलेल्या शपथेची आठवण ठेव.

शपथ देवाच्या नावाने घेतलेली. शिपाई अडला. एका बाजूला नुकताच हात देऊन ओढून काढणारा माणूस, दुसऱ्या बाजूला देवाचं नाव घेऊन दिलेलं वचन आणि त्या वचनाची आठवण करून देणारा साहेब. त्याने डर्कला धरलं. थंडीने कापणाऱ्या त्या हातांनीच धरलं असणार. डर्कच्या पंथाचे लोक शपथ घेतच नसत. होय तर होय, नाही तर नाही, एवढंच बोलावं, ही प्रभूची शिकवण ते शब्दशः पाळत. त्यामुळे त्यांना राजद्रोहीही म्हणत. त्या बर्फावर शपथ न घेणाऱ्याने माणूस वाचवला आणि शपथ घेतलेल्याने त्याला मरणाच्या हवाली केलं.

नगराध्यक्षाला राक्षस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. त्याच्या मनातली भीती उगाच आलेली नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १५३४ मध्ये, जर्मनीतलं म्युन्स्टर शहर याच पंथाच्या एका गटाने ताब्यात घेतलं होतं. त्यांचाही आग्रह हाच, की बाप्तिस्मा लहानपणी नव्हे, समजून उमजून घ्यायचा. तो न घेणाऱ्यांना त्यांनी भर थंडीत शहराबाहेर हाकललं. लायडनचा यान नावाचा एक तरुण शिंपी राजा झाला. त्याने बहुपत्नीत्व सुरू केलं, विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडवली, आपल्या एका बायकोचा शिरच्छेदही स्वतःच्या हाताने केला. बाहेर बिशपच्या सैन्याचा वेढा, आत उपासमार. जून १५३५ मध्ये शहर पडलं तेव्हा विजेत्यांनीही कत्तल केली. जानेवारी १५३६ मध्ये यानला आणि त्याच्या दोन साथीदारांना तापलेल्या चिमट्यांनी यातना देऊन मारलं आणि त्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते तिन्ही पिंजरे आजही त्या मनोऱ्यावर आहेत.

तेव्हा अस्पेरनच्या नगराध्यक्षाच्या कानी 'पुन्हा बाप्तिस्मा घेणारे' हे शब्द पडले की त्याच्या डोळ्यांसमोर म्युन्स्टर येणार. त्यातून काळ तसा. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्सभर जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. स्पेनचा राजा दुसरा फिलिप तिथलाही सत्ताधीश. त्याने १५६७ मध्ये ड्यूक ऑफ आल्बाला फौज देऊन धाडलं, आणि आल्बाने जे न्यायमंडळ नेमलं त्याला लोक रक्तमंडळ म्हणू लागले. शंकेखोरपणाच्या त्या हवेत गावच्या अधिकाऱ्याने कैदी सोडला तर उद्या त्याच्यावरच चौकशी यायची. भीती, कर्तव्य आणि स्वतःचा विश्वास या तिघांनी मिळून तो आवाज काढला. द्वेष बहुतेक वेळा असाच येतो. तो आपल्याला द्वेष म्हणून भेटत नाही. तो धर्मरक्षण, शिस्त, जबाबदारी अशा चांगल्या घरच्या कपड्यांत येतो आणि आपण त्याला पाट देतो.

आणि ही काही एकट्या कॅथलिकांची गोष्ट नाही. झुरिकमध्ये सुधारक प्रोटेस्टंटांचं राज्य असताना, जानेवारी १५२७ मध्ये, फेलिक्स मान्झ नावाच्या तरुणाला याच पंथासाठी लिमात नदीत बुडवून मारलं. १५२९ मध्ये श्पायरच्या राजसभेत दुसऱ्या बाप्तिस्म्याला साम्राज्यभर देहान्ताची शिक्षा ठरली, तेव्हा इतर सगळ्या बाबतींत भांडणारे राजे आणि सरदार या एका गोष्टीवर एकमत झाले. ख्रिस्ताला प्रभू म्हणणाऱ्या सगळ्या बाजू एकमेकांवर खोट्या विश्वासाचा आरोप ठेवत होत्या, आणि प्रत्येकीजवळ आपला विश्वास खरा असल्याचे दाखले होते. कोणाकडे परंपरा, कोणाकडे धर्मशास्त्र, कोणाकडे बाप्तिस्मा. आजही वसईत किंवा नगरकडे लग्न ठरलं की चर्चच्या कचेरीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढून आणतात. तो कागद हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण योहानाने आपल्या पहिल्या पत्रात ज्या दाखल्याची मागणी केली आहे तो कोणत्याही कचेरीत मिळत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याने न दिसणाऱ्या देवावर प्रीती असल्याचं सांगू नये, तो खोटं बोलतो आहे, इतक्या सरळ भाषेत तो लिहितो. 'खोटा' हा शब्द मंडळीतल्याच माणसांना उद्देशून आहे. बाहेरच्यांना नाही.

अस्पेरनला डर्कच्या शिक्षेच्या दिवशी पूर्वेचा जोराचा वारा सुटला होता. गावाबाहेर खांबाला बांधलेल्या डर्कच्या वरच्या अंगापासून तो जाळ दूर ढकलत राहिला. त्यामुळे मरण लवकर आलं नाही. वारा शेजारच्या लेअरडाम गावाकडे वाहत होता, आणि तिथल्या लोकांना सत्तरहून अधिक वेळा त्याने प्रभूला मारलेली हाक ऐकू आली. दंडाधिकारी घोड्यावर बसून हे पाहत होता. शेवटी त्याला ते सोसेना. त्याने घोडा वळवला आणि जल्लादाला सांगितलं की या माणसाला लवकर संपव.

शिपाई, आणि आता हा दंडाधिकारी. दोघांनाही मधेच कुठेतरी पाझर फुटला, आणि दोघांनीही हुकूम मोडला नाही.

डर्कची हकीकत आपल्यापर्यंत आली ती थीलेमान फान ब्राख्ट यांच्यामुळे. डॉर्ड्रेख्टचे हे कापडाचे व्यापारी मेनोनाइट मंडळीचे पाळकही होते. म्युन्स्टरच्या विध्वंसानंतर मेनो सायमन्स या फ्रीसलंडच्या माणसाने, १५३६ च्या सुरुवातीला पुरोहितपण सोडून, विखुरलेल्या लोकांना गोळा केलं आणि तलवार कधीच हाती धरायची नाही या शिकवणीवर उभं केलं. मेनोनाइट हे नाव त्यांच्यावरूनच. डर्क विलेम्स याच वळणाचा होता. फान ब्राख्टांनी १६६० मध्ये आपल्या पंथातल्या हुतात्म्यांचा प्रचंड ग्रंथ छापला. १६८५ च्या आवृत्तीत यान लॉयकन यांनी कोरलेली १०४ चित्रं घातली गेली, आणि त्यांतलं डर्कचं चित्र आज जगभरच्या मेनोनाइट घरांत ओळखीचं आहे. कुठलाही जाळ त्यात नाही. बर्फाच्या भगदाडातून वर आलेला माणूस आणि त्याच्याकडे वाकून दोन्ही हात पुढे केलेला दुसरा.

फान ब्राख्टांनी दस्तऐवज जपला, निकालाची नक्कल मिळवली, त्याबद्दल त्यांचे उपकार मोठे. पण ज्या परिच्छेदात ते शिपायाला वाचवल्याचं सांगतात, त्याच परिच्छेदात डर्कला मारणाऱ्यांना ते रक्तपिपासू लांडगे म्हणतात. घटनेला नव्वद वर्षं होऊन गेली होती. डॉर्ड्रेख्टमध्ये मेनोनाइटांना कोणी जाळत नव्हतं. तरी लेखणी लांडगे म्हणून गेली. मला ते वाचताना वाईट वाटतं, आणि त्यात माझं स्वतःचंही मन दिसतं. छळलेल्यांच्या लेकरांना राग येणारच. पण डर्क वळला तेव्हा त्याने बर्फात लांडगा बुडताना पाहिला असता तर तो वळला असता का? त्याला माणूस दिसला. हुतात्म्याची पूजा करताना त्याच्या मारेकऱ्याचा द्वेष जपला, तर आपण नगराध्यक्षाच्या काठावर उभे राहतो आणि तिथून त्या चित्राला नमस्कार करतो.

आणखी एका बाबतीत माझं फान ब्राख्टांशी जमत नाही. ते लिहितात की डर्कने आपल्या मरणाने आणि रक्ताने खऱ्या विश्वासावर शिक्का मारला. मरणाने? म्युन्स्टरचा यानही तापलेल्या चिमट्यांखाली मेला. हट्टासाठी माणसं मरतात, सूडासाठी मरतात, चुकीच्या गोष्टीसाठी हसत मरतात. पौलाने करिंथच्या मंडळीला हे बजावून ठेवलं आहे, की अंग जाळायला दिलं तरी प्रीती नसेल तर त्याचा उपयोग शून्य. खांबाजवळ डर्कला पर्याय नव्हता. त्याला बांधलेलं होतं. पर्याय त्याला बर्फावर होता. पुढे मोकळी वाट होती, मागे बुडणारा शत्रू होता, आणि कोणी पाहून वाहवा करेल अशी आशा नव्हती. त्याचा विश्वास सिद्ध झाला तो तिथे. पुढचा जाळ हे त्या सिद्धतेचं मोल होतं.

अशा गोष्टी घरात सांगत राहिल्याने काय होतं, असा प्रश्न कोणी विचारला तर मी अमेरिकेतल्या निकेल माइन्सकडे बोट दाखवेन. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीत आमिश लोक राहतात. घोडागाडीने फिरणारे, साध्या एकरंगी कपड्यांतले हे शेतकरी त्याच जुन्या पंथाच्या स्विस शाखेचे वंशज. फान ब्राख्टांचा जाड ग्रंथ त्यांच्या घरांत असतो आणि डर्कची गोष्ट मुलांच्या कानावर पडलेली असते. २ ऑक्टोबर २००६, सोमवार. त्यांच्या एका खोलीच्या शाळेत बंदूक घेऊन एक बत्तीस वर्षांचा माणूस शिरला. परका नव्हता, आसपासच्या गोठ्यांवरचं दूध टँकरमधून गोळा करणारा, सगळ्यांनी पाहिलेला. नऊ वर्षांपूर्वी त्याची पहिली मुलगी जन्मताच गेली होती आणि तेव्हापासून देवावरचा राग मनात मुरला होता, असं त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीवरून समजलं. मुलग्यांना त्याने बाहेर घालवलं. दहा मुलींना ठेवून घेतलं. तेरा वर्षांच्या मुलीने लहानग्यांना वेळ मिळावा म्हणून आधी मला मार असं त्याला सांगितलं, हे वाचलेल्या मुलींनी नंतर सांगितलं. पाच मुली गेल्या, पाच जबर जखमी झाल्या, आणि त्याने स्वतःलाही संपवलं.

त्याच संध्याकाळी काही आमिश माणसं त्या मारेकऱ्याच्या बायकोकडे गेली. तिची तीन लहान मुलं होती. आम्ही तुमचा राग धरलेला नाही, हे त्यांनी तिला सांगितलं. शनिवारी त्याचा दफनविधी झाला तेव्हा जमलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिश होते, आणि आदल्या एकदोन दिवसांत स्वतःच्या मुली पुरून आलेले आईबापही त्यांत होते. देशभरातून मदतीचा पैसा आला, तो सांभाळायला समिती नेमली गेली, आणि त्या समितीने त्यातला वाटा मारेकऱ्याच्या कुटुंबालाही दिला.

तेव्हा अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत आक्षेपही आले. इतकी झटपट क्षमा म्हणजे दुष्टपणाला सूट, असं काहींनी लिहिलं. आक्षेप गंभीर आहे. क्षमेच्या नावाखाली अन्याय दडपला जातो, सोसणाऱ्यालाच गप्प बसवलं जातं, हे आपण पाहतो. तसं करणाऱ्यांनी डर्कचा आधार घेऊ नये. डर्कने आपल्यावरचा वार माफ केला, दुसऱ्यावरचा नाही. आमिशही काही देवदूत नाहीत. समाज सोडून जाणाऱ्या आपल्याच माणसाशी ते किती कठोर वागू शकतात, हे त्यांना जवळून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. पण त्या आईबापांचं म्हणणं ऐकलं की झटपट हा शब्द मागे घ्यावा लागतो. क्षमा करायची हे एका संध्याकाळी ठरलं, पण कडू विचार पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्याशी रोज नव्याने झगडावं लागतं, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. भावना मागून, वर्षांनी, लंगडत आली. कृती आधी गेली होती. बर्फावरही तसंच झालं असेल. त्या शिपायाविषयी डर्कला त्या घटकेला माया वाटली असेल असं मी धरून चालत नाही. धाप लागली असेल, भीती असेल, रागही असेल. पाय मात्र वळले.

वाचलेल्या पाचांपैकी एका मुलीच्या मेंदूला इजा झाली. तिला बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं, नळीने भरवावं लागायचं. मारेकऱ्याच्या आईने तिच्या आईवडिलांना विचारलं, मी मदतीला येऊ का? या बाईकडे काय मागायचं, तिच्या तोंडात मुलाचं नाव आलं तर काय करायचं, तिच्याकडे पाहून रोज तोच दिवस आठवला तर काय, हे सगळं त्यांच्याही मनात आलं असणार. ते हो म्हणाले. मग ती आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊ लागली. मुलीला अंघोळ घालायची, गोष्टी वाचून दाखवायची, तिच्याजवळ बसून स्तोत्रं म्हणायची. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि मुलीची आई तेवढ्या वेळात घरातली बाकीची कामं उरकायची.